नळी कापण्याआधी: लांबीवरून स्वर कसा काढायचा

सव्वा मीटर पीव्हीसी पाइप घ्या. विजेच्या वायरिंगसाठी भिंतीवरून नेतात तो, बाहेरून २० मिमी व्यासाचा. आतला व्यास मात्र स्वतः मोजा. पाइपच्या जाडीनुसार तो बदलतो, आणि पुढचं गणित आतल्या व्यासावरच चालतं. माझ्याकडच्या पाइपचा आतला व्यास १६ मिमी आहे, म्हणून खालचे आकडे १६ मिमीचे. याखेरीज हॅकसॉ, कानस, बारीक सँडपेपर, पाइपात जेमतेम सरकेल अशी लाकडी गोल काठी, टेफ्लॉन टेप, विणकामाची एक लांब सुई आणि फोनवर एखादं ट्यूनर ॲप लागेल. एवढ्यात सा ते वरचा सा अशा आठ नळ्यांचा संच होतो. नळीच्या उघड्या तोंडावर आडवी फुंकर मारायची, खालचं तोंड बुचाने बंद.

मी शाळेची प्रयोगशाळा सांभाळते आणि संध्याकाळी क्लॅरिनेट वाजवते. त्यामुळे हा विषय दोन बाजूंनी माझ्याकडे येतो. मुलं विचारतात, लांबीवरून स्वर काढायचं सूत्र आलं कुठून; वाजवणारे विचारतात, सूत्राप्रमाणे कापूनही नळी बेसूर का. मला दुसरा प्रश्न जास्त आवडतो. पट्टी लावून आपण प्लास्टिक मोजतो, स्वर मात्र आतल्या हवेच्या लांबीवर ठरतो, आणि या दोन लांब्या कधीच तंतोतंत जुळत नाहीत. त्यांच्यातला फरक किती आणि कशामुळे, हे कळलं की कुठलंही फुंकवाद्य समजायला लागतं.

पहिला तुकडा १८० मिमीचा कापा. कड कानशीने सपाट करा, आतली कुसळं सँडपेपरने काढा. मग नळीचं एक तोंड तळहातावर थाड्कन आपटा आणि तिथेच दाबून ठेवा. 'पॉक' असा खालचा स्वर येईल. आता तसंच आपटा, पण आपटताक्षणी नळी हातावरून उचला. स्वर जवळजवळ एक सप्तक वर जातो. नळी तीच, लांबी तीच, फरक एवढाच की एकदा तोंड बंद होतं आणि एकदा उघडं. लांबीवरून स्वर काढायला बसलेल्या माणसाने पहिल्यांदा हा फरक कानाने ऐकलेला असावा, नाहीतर सूत्रातला 'दोन' आणि 'चार' पाठ करण्यापलीकडे जात नाही.

दोन आणि चार येतात ते असे. तोंडाशी हवेचा दाब क्षणभर वाढला की तो दाब नळीतून आवाजाच्या वेगाने पुढे धावतो. बंद टोकाला तो आपटून दाब म्हणूनच परत येतो. उघड्या टोकाला मात्र तो बाहेर सांडतो आणि आत परत येते ती दाबाची कमतरता, म्हणजे उलट चिन्हाचा धक्का. दोन्ही टोकं उघडी असली की चिन्ह दोनदा उलटतं, आणि एक जाऊन-येऊन फेरी झाली की परिस्थिती जशीच्या तशी होते: प्रवास लांबीच्या दुप्पट. एक टोक बंद असलं तर फेरीत चिन्ह एकदाच उलटतं, म्हणून मूळ परिस्थिती यायला दुसरी फेरी लागते: प्रवास चौपट. जास्त प्रवास म्हणजे सेकंदाला कमी कंपनं, म्हणजे खालचा स्वर. ज्यांना बुटकी वाद्यं करायची असतात ते याचा पुरेपूर फायदा घेतात. पाइप ऑर्गनमध्ये १६ फुटी नळीचा गंभीर स्वर हवा आणि छत आडवं आलं, की ८ फुटी नळी वरून बंद करून बसवतात.

आता गणित. आपला सा धरू पांढरी एक (कीबोर्डवरचा 'सी'), वरच्या सप्तकातली, म्हणजे ५२३.२५ हर्ट्झ, सेकंदाला तेवढी कंपनं. (हा आकडा मध्यसप्तकातला 'ए' ४४० हर्ट्झ धरल्यावर येतो. १९३९ साली लंडनच्या परिषदेत ४४० वर एकमत झालं आणि पुढे आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाण संस्थेनेही तोच प्रमाण मानला. ॲपच्या सेटिंगमध्ये ४४० आहे ना, एकदा बघून घ्या.) आवाजाचा वेग शून्य अंश सेल्सिअसला सेकंदाला ३३१ मीटर असतो आणि दर अंशाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. २५ अंशाला ३४६ धरा. आपली नळी खालून बंद, एका कंपनात आवाज तिच्या लांबीच्या चौपट धावतो, म्हणून ३४६ ला ५२३.२५ च्या चौपटीने भागायचं. उत्तर ०.१६५३ मीटर, म्हणजे १६५.३ मिमी.

इथेच थांबून कापलंत तर स्वर उतरेल. उघड्या तोंडाशी हवेचं हलणं प्लास्टिक संपलं तिथे एकदम थांबत नाही, तोंडाबाहेरची थोडी हवाही त्याच तालात आतबाहेर होत राहते. किती थोडी? साध्या उघड्या टोकाला आतल्या त्रिज्येच्या सुमारे ०.६ पट. आपली त्रिज्या ८ मिमी, म्हणजे सुमारे ५ मिमी. हवेला १६५ हवेत, त्यातले ५ ती बाहेरून घेणार. नळीने द्यायचे १६०.

बाकीचे स्वर काढताना एक पथ्य पाळायचं. गुणोत्तर हवेच्या लांबीला लावायचं, कापायच्या लांबीला नाही. आधी १६५.३ ला रेसाठी ८/९, गसाठी ४/५, मसाठी ३/४, पसाठी २/३, धसाठी ३/५, निसाठी ८/१५ आणि वरच्या सासाठी १/२ ने गुणायचं, आणि मग प्रत्येक उत्तरातून ५ वजा करायचे. तोंडापासून बुचापर्यंतची खोली येते ती अशी:

सा १६० मिमी
रे १४२
ग १२७
म ११९
प १०५
ध ९४
नि ८३
वरचा सा ७७.५

शेवटच्या ओळीकडे जरा बघा. १६० चे निम्मे ८० होतात, आणि इथे ७७.५ आहे. कुणीही सरळ ८० वर कापेल. अडीच मिलिमीटर म्हणजे असून असून किती? त्या लांबीवर ते जवळजवळ ४८ सेंट होतात, आणि अख्खा अर्धस्वर असतो १०० सेंटचा. म्हणजे वरचा सा धड सा नाही आणि धड नि नाही, मधेच लटकतो. खालच्या टोकाला बेरीज-वजाबाकीत खपून जाणारे ५ मिमी वर गेल्यावर असे डोईजड होतात, कारण नळी आखूड झाली तरी तोंडाची त्रिज्या तीच राहते. रुंद पोकळीची नळी वापरलीत तर हा त्रास वाढतो, अरुंद नळीत कमी होतो. पोकळीच्या रुंदीचा स्वराशी असलेला थेट संबंध साधारण एवढाच.

प्रत्येक नळी खोलीपेक्षा २० मिमी लांब कापा, म्हणजे बुचाला जागा राहील. आठ नळ्या मिळून १०७ सेंमीच्या आसपास पाइप जातो, उरलेला चुकलेल्या कापांसाठी. काठीचे १५ मिमीचे तुकडे करून त्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढे द्या. बूच हाताने ढकललं तर जड सरकावं आणि फुंकून बिलकुल हलू नये, इतपत वेढे. टेप कमी पडली की बाजूने हवा झिरपते आणि स्वर येण्याऐवजी नुसती फुसफुस होते. नवशिक्याला वाटतं आपली फुंकरच चुकते आहे. शंका आली तर नळीत वरून पाणी ओतून बुचाशी थेंब दिसतो का ते पाहा.

विणकामाच्या सुईवर हव्या त्या खोलीला चिकटपट्टीची खूण करा, सुई वरून आत घाला, बूच खालून खुणेपर्यंत ढकला. आता फुंका. खालचा ओठ कडेला टेकवून समोरच्या कडेवर हवा मारायची.

ॲपवर पहिला स्वर बहुतेक थोडा उतरलेला दिसेल. कारण फुंकताना ओठ तोंडाचा काही भाग झाकतो. जितकं झाकाल तितका स्वर खाली जातो, आणि ओठ किती टेकतो हे प्रत्येकाचं वेगळं. ते सूत्रात बसवायच्या फंदात मी पडत नाही. बूच थोडं आत ढकलायचं, पुन्हा फुंकायचं. खालच्या सावर १ मिमी ढकलल्याने सुमारे १० सेंट चढतात, वरच्या सावर तेवढ्याच १ मिमीने २० सेंट. म्हणून वरच्या नळ्यांचं बूच एकदम ढकलू नका, खालून काठीने हलकेच टिचक्या मारत सरकवा.

ॲपचा शब्द मात्र शेवटचा मानू नका. ॲप सप्तकाचे बारा सारखे भाग करतं, आपण गुणोत्तरं वापरली आहेत. बरोबर लागलेला ग ॲपला १४ सेंट उतरलेला दिसेल, ध १६, नि १२. रे उलट ४ सेंट चढा दिसेल. तंबोऱ्याच्या सुरावर हे स्वर गोड लागतात. कीबोर्डबरोबर वाजवायचं असेल तर गुणोत्तरं सोडा, दर अर्धस्वराला हवेची लांबी १.०५९५ ने भागत जा, आणि मग ॲपची सुई मधोमध आणा.

सूर लावायच्या आधी नळी दोन मिनिटं वाजवून कोमट होऊ द्या. तापमान एका अंशाने वाढलं की स्वर सुमारे ३ सेंट चढतो. २० अंशाच्या खोलीत लावलेला संच ३० अंशाला ३० सेंट चढलेला सापडेल. गंमत अशी, की उष्णतेने नळी स्वतः लांबते, म्हणजे त्या हिशेबाने स्वर उतरायला हवा. पण ते लांबणं नगण्य असतं, आणि गरम हवेत आवाज वेगाने पळतो त्याचाच वरचष्मा राहतो. संचातल्या सगळ्या नळ्या एकत्रच चढतात, त्यामुळे एकट्याने वाजवताना काही कळत नाही. कुणाची तरी साथ असली की लगेच उघडं पडतं.

जाता जाता बाटल्यांबद्दल. पाण्याच्या बाटल्यांवर फुंकून हाच धडा शिकवण्याची पद्धत आहे, आणि मला ती पटत नाही. मानेची बाटली म्हणजे नळी नव्हे. तिथे मानेतली हवा पोटातल्या हवेच्या गादीवर खालीवर उसळते, आणि स्वर ठरतो तो पोटाच्या आकारमानावर व मानेच्या मापावर. खात्री करायची तर अर्धी भरलेली बाटली तिरकी करून फुंका. आत हवेची 'लांबी' बदलते, स्वर मात्र हलत नाही. परीक्षानळी घ्या, ती प्रामाणिक असते.

आठ नळ्यांऐवजी एकाच नळीत सगळे स्वर हवेत, तर भोकं आली. बासरीत सगळी भोकं झाकली की पूर्ण लांबी वाजते; खालून एकेक उघडत गेलं की नळी जणू तिथेच संपते. 'जणू' म्हणायचं कारण, भोक नळीएवढं रुंद असेल तरच ती साधारण तिथे संपते. भोक लहान असलं की हवा त्याच्याही पलीकडे थोडी हलत राहते आणि स्वर खाली राहतो. हीच बासरी करणाऱ्याच्या हातातली किल्ली आहे. बोटं सहज पोचतील अशा जागी, हिशेबापेक्षा किंचित लहान भोक पाडायचं आणि गोल कानशीने रुंद करत स्वर वर आणायचा. वर आणता येतो, खाली नेता येत नाही, म्हणून प्रत्येक दोन-तीन घासण्यांनंतर वाजवून पाहायचं. आणि सुरुवात खालच्या टोकाकडच्या भोकापासून करायची.

फुंकायच्या भोकाची दुरुस्ती तर टोकाच्या दुरुस्तीहून मोठी असते. ऑर्केस्ट्रातली बासरी दोन्हीकडून उघडी नळी म्हणून वागते. तिचा सर्वांत खालचा स्वर मध्य सप्तकातली पांढरी एक, २६१.६ हर्ट्झ. त्याला २० अंशाला हवेची लांबी लागते ६५.५ सेंमी. फुंकायच्या भोकापासून टोकापर्यंत पट्टी लावा, भरतात ६० च्या आसपास. उरलेले पाच-साडेपाच सेंटिमीटर दोन टोकांनी, त्यातही मुख्यतः फुंकायच्या त्या लहानशा भोकाने, ओठाने अर्धवट झाकलेलं असताना खाल्लेले असतात.

माझं क्लॅरिनेट तिच्यापेक्षा फारसं लांब नाही, तरी १४७ हर्ट्झपर्यंत उतरतं. रीडचं, म्हणजे फुंकल्यावर थरथरणाऱ्या पातीचं, टोक नळीला बंद टोकासारखं असतं आणि पोकळी सरळ नळकांडी, म्हणजे चौपटीचा हिशेब. ३४३ ला १४६.८ च्या चौपटीने भागा, ५८ सेंमी येतात, आणि वाद्य साधारण ६६ भरतं. खालचा थोडा भाग पसरत्या भोंग्याचा. बंद नळीची आणखी एक खोड असते: जोरात फुंकल्यावर ती सप्तकावर उडी मारत नाही, थेट वरच्या सप्तकातल्या पंचमावर जाते. आपल्या सा नळीवर करून बघा, नीट फुंकलंत तर वरचा प वाजेल. बासरी वरच्या सप्तकात तीच बोटं पुन्हा वापरते, क्लॅरिनेटला मधले १९ अर्धस्वर भरून काढावे लागतात. इतक्या चाव्या का, याचं उत्तर हेच.

मग सोप्रानो सॅक्सोफोनलाही एकच रीड असते, लांबीही जवळपास तेवढीच, तरी तो क्लॅरिनेटपेक्षा सहा अर्धस्वर वरच का थांबतो? त्याची पोकळी शंकूची आहे. शंकूच्या निमुळत्या टोकाला रीड लावली तरी तो दोन्हीकडून उघड्या नळीसारखा वागतो आणि सप्तकावर उडी मारतो. ओबो आणि सनई याच घरातल्या. तेव्हा कुठल्याही फुंकवाद्याच्या लांबीवरून स्वर काढायच्या आधी त्यात डोकावून बघायचं: पोकळी सरळ आहे की पसरत जाणारी. वाकवलेली आहे का, हे बघायची गरज नाही. ट्युबाची साडेपाच मीटर नळी गुंडाळून मांडीवर घेतात म्हणून तिचा स्वर काही बदलत नाही.

पितळी वाद्यांत बेरीज आणि गुणोत्तर यांचं भांडण सगळ्यांत स्पष्ट दिसतं. बी फ्लॅट ट्रंपेटची नळी सुमारे १४८ सेंमी. दुसरा व्हॉल्व्ह दाबला की ८.८ सेंमीचं वळण जोडलं जातं आणि स्वर अर्धस्वराने उतरतो. पहिल्याने १८ सेंमी, दोन अर्धस्वर. तिसऱ्याने २८, तीन अर्धस्वर. तिन्ही एकत्र दाबले की सहा अर्धस्वर उतरायला हवेत, आणि त्याला लागतात ६१ सेंमी. बेरीज येते ५५. सहा सेंटिमीटर कमी, म्हणजे स्वर जवळजवळ पाव स्वराने चढा. म्हणून तिसऱ्या व्हॉल्व्हच्या सरकत्या नळीला कडी असते, आणि वाजवणारा त्या स्वरांना बोटाने ती बाहेर ढकलतो. ट्रॉम्बोनवाल्याला हे हातातच बसलेलं असतं. २७० सेंमीच्या नळीवर पहिल्या अर्धस्वराला दांडा ८ सेंमी सरकतो आणि शेवटच्याला जवळजवळ ११, कारण आधीच लांब झालेल्या नळीला तेवढंच गुणोत्तर जास्त सेंटिमीटर मागतं.

तयार वाद्य सुरात लावतानाही हेच लक्षात ठेवा. क्लॅरिनेट चढलं म्हणून वरचा बॅरल (मुखाखालचा आखूड तुकडा) २ मिमी बाहेर काढला, तर सगळी भोकं झाकलेला खालचा स्वर ६ सेंट उतरतो. सगळी बोटं उचलून वाजणाऱ्या स्वराची हवेची लांबी जेमतेम २५ सेंमी असते, तो १४ सेंट उतरतो. म्हणून तीन-चार मिलिमीटर काढायची वेळ आलीच, तर सगळे बॅरलवर काढू नका. निम्मे तिथे काढा, निम्मे मधल्या सांध्यावर, आणि मग वरचे आखूड स्वर पुन्हा एकदा तपासा.